सव्वाशे सीसीचा एकांत

एकांत ही माणसाची मूलभूत गरज आहे. अन्न, वस्त्र आणि निवारा यांच्या पंक्तीला तिला अजून कोणी बसवलेलं नाही, कारण पंक्तीत बसवला की तो एकांत राहत नाही. ऋषिमुनींनी त्यासाठी हिमालय गाठला. माझं घर नांदेडला तरोडा नाक्याजवळ आणि नोकरी अर्धापूरला, त्यामुळे मला हिमालय सोयीचा नव्हता. मी मोटारसायकल घ्यायचं ठरवलं. सव्वाशे सीसी.

तोपर्यंत मी कॉलेजला सरांच्या कारने जात असे. आमच्या कॉलेजात सगळेच एकमेकांना सर म्हणतात, पण हे सर म्हणजे उपप्राचार्य. वयाने ज्येष्ठ आणि आवाजाने त्याहून ज्येष्ठ. त्यांची पांढरी कार सकाळी नाक्यावर यायची. मी पुढे बसायचो, मागे आणखी दोन सहकारी. पेट्रोलचा वाटा महिन्याच्या महिन्याला द्यायचा आणि सर तो 'राहू द्या हो' म्हणत घ्यायचे. मागचे दोघे मुरलेले होते. आसनेचा पूल यायच्या आत त्यांचे डोळे मिटलेले असत. मी मराठी शिकवतो म्हणून मला पुढे बसवलेलं होतं, आणि पुढच्या माणसाला डोळे मिटायची सोय नसते.

सरांच्या निवृत्तीला अजून अवकाश होता, पण निवृत्तीच्या समारंभात प्रकाशित व्हायच्या गौरवग्रंथाचं काम सुरू झालं होतं. गौरव सरांचा आणि ग्रंथाची आखणीही सरांचीच. दुसऱ्यांना त्रास नको, एवढाच त्यामागे हेतू. कोणी त्यांच्याबद्दल काय लिहावं, हे ते रोज गाडी चालवता चालवता सांगायचे. मी मधूनमधून 'वा' म्हणायचं आणि कुठे अडलं तर शब्द सुचवायचा. 'खडतर' हा शब्द मीच सुचवला. त्या दिवसापासून त्यांचं बालपण खडतर झालं. त्याआधी ते बरं चाललं होतं. दाभड येईपर्यंत शिक्षण पुरं व्हायचं, भोकर फाट्याला पहिली नोकरी लागायची आणि कॉलेजच्या गेटात शिरताना समाजकार्याला प्रारंभ व्हायचा. संध्याकाळी परतताना हेच सगळं उलट्या क्रमाने. काचा बंद, एसी चालू.

गप्प बसून पाहिलं. आमच्या भागात गप्प बसलेला माणूस एक तर रागावलेला असतो, नाही तर आजारी. सर लगेच विचारायचे, "काय झालं? माझं काही चुकलं का?" मग मला राग नाही, हे सिद्ध करण्यासाठी नेहमीपेक्षा जास्त बोलावं लागायचं. एसटीने जाऊन पाहिलं. एके सकाळी मुद्दाम लवकर निघून बसमध्ये उभा राहिलो, तर पुढच्या थांब्यावर सरांनी कार बसच्या पुढे नेऊन लावली आणि कंडक्टरला सांगून मला उतरवून घेतलं. बसमधल्या लोकांना वाटलं, माझ्या घरी काही तरी वाईट घडलंय. एका बाईने खिडकीतून हात जोडले.

यात सरांचा दोष म्हणावा तर तसा काही नव्हता. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा याच माणसाने आठवडाभर कार आमच्या दारात लावली होती आणि स्वतः चालवली होती. म्हणून तर अडचण होती. वाईट माणसाला सोडून जाता येतं. चांगल्या माणसाला सोडायला कारण लागतं, आणि 'तुम्ही बोलता' हे कारण देता येत नाही.

मोटारसायकलची कल्पना मला याच कारमध्ये, सरांचं समाजकार्य चालू असताना सुचली. ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे त्याला कोणी 'बसा' म्हणू शकत नाही. हा विचार मला इतका निर्दोष वाटला, की त्याची दुसरी बाजू मी तपासलीच नाही.

घरी विषय काढला. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. मराठीच्या माणसाने गणिताच्या बाईपुढे हिशोब मांडू नये, पण दुसरा मार्ग नव्हता. ती मेथी निवडत होती. मी पेट्रोलपासून सुरुवात केली. लिटरला साठ धरले तर महिन्याचं इतकं, त्यात ऑइल, सर्व्हिसिंग, वर्षाचा विमा महिन्यावर पसरून, टायर तर वर्षानुवर्षं जातात. सगळं मिळून कारच्या वाट्यापेक्षा कमीच पडतं.

"आणि गाडी?" ती म्हणाली. "ती काय फुकट देऊन राहिले का?"

"गाडीची किंमत हा खर्च नाही. ती गुंतवणूक आहे."

"गुंतवणूक वाढते. गाडी शोरूमच्या दाराबाहेर आली की जुनी होते."

मी पुन्हा टायरकडे वळलो. तिने एक जुडी संपवून दुसरी घेतली.

"सरांचा कंटाळा आलाय, असं सरळ सांगा की हो."

मी काही बोललो नाही. आमच्या घरात गप्प बसण्याचा अर्थ बरोबर लावला जातो.

"घ्या मग," ती म्हणाली. "पण बाहेर हे कारण सांगत बसू नका. त्यांच्या मॅडम माझ्या भिशीत आहेत. कुणी विचारलं तर म्हणायचं, खर्च वाचतो म्हणून घेतली."

आणि हे काम तिने स्वतःकडे घेतलं. जो हिशोब तिने मेथीच्या दोन जुड्यांमध्ये मोडून टाकला होता, तोच तिने पुढच्या भिशीत बायकांसमोर इतक्या ठामपणे मांडला, की दोघींनी तो उतरवून घेतला. गणिताच्या बाई सांगतात म्हटल्यावर तपासायचं काय? मलाही ते बरं वाटलं. खोटं असलं तरी निरुपद्रवी आहे, असं माझं मत होतं.

गाडी लातूरहून घेतली. नांदेडला शोरूम नाहीत असं नाही. घरापासून चालत जाता येईल अशी आहेत. पण आमच्याकडे वस्तू दुकानातून घेत नाहीत, ओळखीतून घेतात. ताई लातूरला असते आणि दाजींची ओळख लातूरला आहे.

"नांदेडला कशाला?" दाजी फोनवर म्हणाले. "तितं कोन वळखतंय तुमाला? हितं मालक आपला मानूस हाय. लई जवळचा. तुमी नुसतं आधार कार्ड घेऊन या."

आधार कार्डावर माझा पत्ता अजून रेणापूर तालुक्यातल्या गावाचाच आहे, त्यामुळे लातूरचा नंबर मिळायला अडचण नव्हती. मी सकाळच्या बसने लातूरला गेलो. औसा रोडवरच्या त्या शोरूममध्ये दाजी माझ्या पुढे छाती काढून शिरले. मालक नव्हते. मॅनेजर नवा होता, त्याने दाजींना ओळखलं नाही. दाजींनी मालकांना फोन लावला, तो लागला नाही. मग ज्याच्या ओळखीने मालकांची ओळख झाली होती त्याला लावला. तो एका मातीला गेलेला होता आणि हळू आवाजात बोलत होता. तासाभराने ओळख पटली. तिच्यातून एक सीट कव्हर, एक की-चेन आणि दोन वेळा चहा निघाला. किंमत नांदेडइतकीच होती; बसचं तिकीट वेगळं.

"बगा," दाजी बाहेर येऊन म्हणाले, "ओळख असली की कसं काम हुतंय."

पुढे सोहळा होता. मी कॉलेजात नोकरी करतो, सोहळ्यांची मला सवय आहे. पण आमच्याकडे निदान ज्याचा सोहळा असतो तो जिवंत असतो. इथे मोटारसायकलवर लाल सॅटिनचं कापड पांघरलं होतं. ते मी दोन बोटांनी ओढायचं होतं आणि त्याच वेळी कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या होत्या. मग वल्ह्याएवढी पुठ्ठ्याची किल्ली माझ्या हातात दिली. मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गाडी नव्हे, स्वातंत्र्य घरी न्या!' आणि खाली बारीक अक्षरांत, 'अटी लागू.' अटी वाचायला मी जवळ गेलो, तर फोटो काढणाऱ्या मुलीने मला दंडाला धरून परत जागेवर आणलं.

"सर, जरा हसा ना. सगळे हसतात."

"ओ पाव्हणं, हसा की," दाजी म्हणाले. "तुमच्या घरची लेक आम्ही नेली तवा एवढं तोंड पाडलं नव्हतं तुमी."

मी हसलो. तो फोटो दाजींनी तिथल्या तिथे स्टेटसला ठेवला: 'आमचे मेहुणे प्राध्यापक साहेब यांना नवीन वाहन खरेदीबद्दल हार्दिक शुभेच्छा.' खाली सात हात जोडलेले. दाजींचं स्टेटस किती लोक पाहतात याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

ताईच्या दारात गाडीला औक्षण झालं. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. मी गाडीशेजारी उभा होतो.

"सरक की रं जरा," ताई म्हणाली, "तुजी सावली पडायली तिच्यावर."

दुपारी निघालो. मॅनेजरने सांगितलं होतं, पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत चाळिशीच्या वर काढायची नाही, इंजिन बसायचंय. लातूर-नांदेड रस्ता आता चांगला रुंद झालाय, त्यावर चाळीसने जाणं म्हणजे लग्नाच्या वरातीत मागे राहिल्यासारखं असतं. उसाचे ट्रॅक्टर मला मागे टाकून गेले. एक एसटी इतक्या जवळून गेली, की आतल्या सगळ्यांना हार दिसला असेल. पण एकांताला वेग लागत नाही. चाकूर मागे पडलं तसं माझ्या लक्षात आलं, की बराच वेळ कोणी काही म्हणालेलं नाही. हेल्मेटच्या आत माझाच श्वास होता. दोन्ही बाजूंना तूर पिवळी फुललेली, हिवाळ्याचं ऊन पाठीवर. मी एक पूर्ण विचार केला. सुरुवात, मध्य, शेवट असलेला. मधे कोणी 'कसं वाटतं?' म्हणून विचारलं नाही. विचार काही फार मोठा नव्हता. घरातल्या मोरीचा नळ बदलायला हवा, असा होता. पण तो सलग होता.

खिशात फोन वाजला. वाजू दिला. पुन्हा वाजला. गाडी चालवणाऱ्या माणसाने फोन उचलू नये, असा कायदा आहे, आणि कायद्याबद्दल इतकं प्रेम मला यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

अहमदपूरच्या अलीकडे चहाला थांबलो. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पांढरं धोतर, पायांत स्पोर्ट्स बूट. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग हार, मग मला.

"नवी दिसायली."

"हो, आजच."

"केवढ्याला पडली?"

मी सांगितलं. आता पुढचा प्रश्न काय येणार, हे मला माहीत होतं. वाहनाबद्दल आमच्याकडे दोनच प्रश्न असतात: केवढ्याला पडली आणि किती देते. रंग, दिसणं, बसायला कशी, या चौकशा नंतरच्या, आल्या तर. नवरदेवाच्या बाबतीतही हाच क्रम आहे.

"किती देती?"

"अजून मोजलं नाही. कंपनी साठ म्हणते."

"कंपनीला म्हनाया काय लागतंय," ते म्हणाले. "पयल्या सर्विसिंगपस्तोर धरायचंच न्हाई. बरं, त्ये साठ एकट्याचं का डबल सीटचं?"

"मी एकटाच चालवणार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीच्या मागच्या भागाकडे.

"आन् मग एवढी लांब सीट कशाला घेतलाव?"

सीट कमी लांबीची मिळत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. फोन काढून पाहिला तर सरांचे तीन कॉल होते आणि एक संदेश: 'स्टेटस पाहिलं. अभिनंदन. सोमवारी भेटू.' मागे उगवत्या सूर्याचं चित्र होतं. लोह्यापर्यंत मी त्या 'सोमवारी भेटू'चा अर्थ लावत होतो, आणि घरी पोचेपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती, की सोमवारी सगळेच भेटतात.

सोमवारी मी गाडीवर गेलो. रस्ता मोकळा होता, पण लक्ष आरशात होतं. पांढरी कार मागून येते का, ते पाहत होतो. कार आधीच पोचलेली होती. स्टाफरूममध्ये शिरलो तर खुर्च्या ओळीने मांडलेल्या, टेबलावर शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. आमच्या कॉलेजात शालींचं एक कपाट आहे. कोणाचा कधी सत्कार करावा लागेल हे सांगता येत नाही, म्हणून ते कायम भरलेलं असतं. मी पाहिलं, आज कोणाचा आहे; सगळे माझ्याकडे पाहत होते.

मोटारसायकल घेतल्याबद्दल सत्कार झालेला मी आमच्या विद्यापीठ क्षेत्रातला बहुधा पहिला प्राध्यापक आहे. प्राचार्यांनी शाल घातली. हातात नारळ दिला. नारळावर पुष्पगुच्छ ठेवला. मग सर बोलायला उभे राहिले.

"मित्रहो, आज आपल्या एका सहकाऱ्याने केवळ मोटारसायकल घेतलेली नाही. त्याने एक विचार घेतलेला आहे."

मला चाकूरजवळचा मोरीचा नळ आठवला.

"इंधनाच्या प्रत्येक थेंबाचा हिशोब या गृहस्थाने मांडला. तो हिशोब मी स्वतः पाहिला आहे. माझ्या घरी तो उतरवून आणला गेला आहे. कारमध्ये आपण चौघे जातो आणि समजतो की बचत होते आहे. नाही! या हिशोबानुसार दोन चाकांवर दोन माणसं, हीच खरी बचत. याला मी मोटारसायकलचा लातूर पॅटर्न म्हणेन."

टाळ्या. मागचे दोघे सहकारी, जे कारमध्ये झोपत, ते आता पूर्ण जागे झालेले दिसले.

"आणि नुसतं बोलून चालत नाही, आचरणात आणावं लागतं. म्हणून मी आज आपल्या सर्वांच्या साक्षीने जाहीर करतो, की उद्यापासून माझी कार घरी राहील आणि मी सरांच्या मागे बसेन. पेट्रोलचा निम्मा वाटा माझा!"

एखाद्या माणसाच्या अंगावर शाल आणि दोन्ही हातांत नारळ व पुष्पगुच्छ असेल तर तो 'नाही' म्हणू शकत नाही. त्याला हात हलवता येत नाहीत. मान हलवली तर ती होकारार्थीच दिसते, कारण शाल खांद्यावरून घसरू नये म्हणून त्याला ती पुढेच झुकवावी लागते. ही प्रथा कोणी काढली माहीत नाही, पण काढणारा हुशार होता. मला सत्काराला उत्तर द्यायला सांगितलं. भीड ही भिकेची बहीण, हे मी मुलांना म्हणींच्या तासाला दरवर्षी शिकवतो. मी म्हणालो, "माझं भाग्य."

घरी येऊन नारळ ओट्यावर ठेवला. बायकोने शाल पाहिली.

"कशाबद्दल?"

मी सांगितलं. तिने नारळ कानाशी धरून हलवून पाहिला. मग म्हणाली, "पण ते तर भाग्यनगरला राहतात. आपण नाक्यावर. म्हणजे तुम्ही रोज आधी उलटं गावात जाणार, त्यांना घेणार आणि मग परत नाक्यावरून पुढे जाणार. हे किलोमीटर तुमच्या हिशोबात होते का?"

नव्हते.

तेव्हापासून मी रोज उलटा जातो. सर फाटकापाशी तयार असतात. कारमध्ये आमच्यात गिअरचं अंतर होतं. आता त्यांचं तोंड माझ्या कानापासून वीतभर आहे. मी पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घेतलं. सरांनी अर्धं घेतलं, तोंड मोकळं राहतं म्हणून. वाऱ्यामुळे मला नीट ऐकू जात नसावं, अशी त्यांना शंका आहे, म्हणून ते आवाज थोडा चढवतात आणि महत्त्वाचा भाग दोनदा सांगतात. 'कसं वाटतं?' विचारताना पाठीवर थाप मारतात. ब्रेक दाबला की त्यांचं खडतर बालपण पूर्ण वजनानिशी माझ्यावर येतं. शिवाय गाडीचा नंबर लातूरचा असल्यामुळे तरोडा नाक्यावर पोलीस अधूनमधून थांबवतो, परगावची गाडी म्हणून. तेव्हा सर खाली उतरून त्याला कॉलेजची, माझी आणि बचतीच्या विचाराची माहिती देतात. आता तो थांबवत नाही.

कारमधले ते दोघे पुन्हा एसटीने जातात. स्टाफरूममध्ये त्यांची नजर चुकवतो मी. त्यांची रोजची झोप माझ्यामुळे गेली.

एकदा आसनेच्या पुलावर उसाची गाडी आडवी होऊन वाहनं अडकली होती. इंजिन बंद करून आम्ही उभे होतो. सर कधी नव्हे ते गप्प होते. मला वाटलं, त्यांना काही होतंय. मागे वळून विचारलं, "काय झालं? माझं काही चुकलं का?"

"नाही हो," ते म्हणाले. "खरं सांगू का, मला कारच बरी वाटत होती. पाठ दुखते माझी या सीटवर. तुम्ही गाडी घेणार असं ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, चला, आता जुनी गाणी लावून एकट्याने जाता येईल कधीतरी. मागच्या दोघांचं काय, ते झोपतातच. पण आमच्या हिने तुमचा हिशोब समोर ठेवला. म्हणाली, मराठीचे सर करू शकतात, तुम्ही का नाही? मी दोनदा तपासला. गणितात मी कच्चा. माझ्याकडे उत्तर नव्हतं."

"कार कुठंय मग?"

"सुनेनं पुण्याला नेली. तिच्या ऑफिसला लागते."

उत्तर माझ्याकडे होतं. गाडीची किंमत त्या हिशोबात धरलेलीच नाही, एवढं एक वाक्य बोललो असतो तर दोघांची सुटका होण्यासारखी होती. त्यांची कारकडे, माझी माझ्याकडे. पण ते वाक्य बोललं की पुढचा प्रश्न येतो, मग तुम्ही गाडी घेतली कशासाठी? मी तोंड उघडलं. तेवढ्यात पुढची वाहनं हलली, मागून हॉर्न सुरू झाले. मी किक मारली. गाडीला बटण आहे, पण सवय. पुलाच्या पलीकडे सरांनी पुन्हा पहिल्या नोकरीपासून सुरुवात केली आणि मी 'वा' म्हणालो. माझ्या मते त्या दिवशी आम्ही दोघेही थोडे नाइलाजाने बोलत होतो.

मागच्या महिन्यात सर मुलाकडे पुण्याला गेले. मला आदल्या दिवशी नीट झोप आली नाही. सकाळी गाडी पुसली, पहिल्यांदाच टाकी फुल्ल केली, किलोमीटरचा आकडा पाहून ठेवला. एकट्याने जाऊन, एकट्याने येऊन, एकट्याचं एव्हरेज काढायचं होतं. पहिलं सर्व्हिसिंग झालेलं होतं, त्यामुळे धरायला हरकत नव्हती. जाताना सगळं तसंच होतं, जसं चाकूरजवळ होतं. दुपारी सरांचा पुण्याहून फोन आला.

"तुमची सीट रिकामी आहेच आज," ते म्हणाले. "अर्धापूरला आपल्या ओळखीच्या बागेत केळीचा एक घड काढून ठेवलाय. येताना तेवढा आमच्या घरी टाकाल का?"

घड मोठा होता. दोरीने मागच्या सीटवर बांधला. तो वजनाला सरांच्या निम्मा भरेल आणि बोलायला अजिबात नाही. भोकर फाट्याला वाऱ्याने एक-दोन केळी माझ्या पाठीवर आपटली, तेव्हा मी सवयीने 'वा' म्हणालो. भाग्यनगरला मॅडमनी तो उतरवून घेतला, त्यातला एक फणा माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "किती देते हो तुमची गाडी?"

एकट्याने ती किती देते, हे मला अजून माहीत नाही. दोघांना बावन्न देते.